रकाना क्रमांक चौदा

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं तेवढंच. एरवी पोरं, पालक, शिपाई, सगळेच त्यांना पायरीसर म्हणत. गणित शिकवायचे. उत्तर बरोबर आलं तरी मधली पायरी गाळली की अर्धा गुण कापायचे. पोर रडलं तरी कापायचे, बाप भांडायला आला तरी कापायचे. "उत्तर काय, शेजारच्याच्या वहीतूनही येतं. तू तिथपर्यंत कसा गेलास ते दाखव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकोणीस वर्षं हे चाललं. मग एका उन्हाळ्यात शाळाच बंद झाली. पटावर पोरं उरली नव्हती, संस्थेने दाराला कुलूप लावलं, आणि वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी पायरीसर नव्या नोकरीचे अर्ज भरायला बसले.

छापील अर्ज सगळ्या शाळांचा एकच. जन्मतारीख, शिक्षण, अनुभव, आजार. आणि चौदावा रकाना : 'अर्जदार मद्यपान करतो का? होय / नाही. होय असल्यास तपशील.'

आता पायरीसर काही पिणारे नव्हते हो! शनिवारी संध्याकाळी मेव्हणा यायचा, गॅलरीत दोन खुर्च्या पडायच्या, दोघांत दोन बाटल्या बिअर, आणि साडेआठला पानावर. पंधरा वर्षांत तिसरी बाटली कधी फुटली नाही. पण विचारलंय म्हटल्यावर सांगायला नको? त्यांनी 'होय'वर खूण केली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'दर शनिवारी, संध्याकाळी सात ते साडेआठ, बिअर, एक बाटली, मेव्हण्यासोबत, राहत्या घरी. सोबत शेंगदाणे.'

बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. लोकांचे अर्ज आणि लोकांच्या थापा, दोन्ही तिच्या रोजच्या ओळखीचे. तिने वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, शेंगदाणेसुद्धा?"

"तपशील मागितलाय."

"आणि माझ्या भावाला कशाला ओढलंत त्यात?"

"का? तो नव्हता तिथे?"

आता या माणसापुढे डोकं आपटायचं की काय करायचं, सांगा.

पहिल्या शाळेत मुलाखतीला पाच जण बसले होते. मधल्या गृहस्थांनी चौदावा रकाना मोठ्याने वाचून दाखवला. कडेच्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या. "शेंगदाणे खारे की साधे?" त्या गृहस्थांनी विचारलं. "खारे," पायरीसर म्हणाले. त्यांना थट्टा कळली ती जिना उतरताना, आणि मग कान असे तापले की घर येईपर्यंत निवले नाहीत. दुसऱ्या शाळेने बोलावलंच नाही. तिसऱ्या शाळेत त्यांनी नमुन्याचा तास घेतला. तास इतका रंगला की पोरं विचारायला लागली, "सर, उद्या येणार ना?" मुख्याध्यापिका त्यांना सोडायला फाटकापर्यंत आल्या.

"तास फार सुंदर झाला, सर. पण तो रकाना... मी कमिटीपुढे कशी ठेवू? बाकी सगळ्यांनी 'नाही' लिहिलंय."

"म्हणजे बाकी कुणीच घेत नाही?"

"मी तसं कुठे म्हटलं?" बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

पायरीसर भर उन्हात फाटकाशी उभे. घेतो म्हणून नाही, सांगितलं म्हणून नोकरी गेली! हा कुठला न्याय? फाटकावरच्या पहारेकऱ्यालाच त्यांनी हे विचारलं. तो बिचारा म्हणाला, "साहेब, सावलीत तरी व्हा."

घरी मुलगी बारावीला. तिला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात जायचं होतं. तिने एक शब्द काढला नाही, फक्त त्या कॉलेजचं माहितीपत्रक टेबलावरून उचलून कपाटावर, जुन्या वर्तमानपत्रांत ठेवून दिलं. ते बायकोने पाहिलं आणि त्या दिवशी तिचा बांध फुटला.

"चार महिने झाले. मी एकटीने किती ओढायचं? तुमच्या खरेपणाचं काय लोणचं घालू? एक शब्द लिहायचाय, एक!"

चौथ्या अर्जावर पायरीसरांनी तो एक शब्द लिहिला. 'नाही.' त्या दोन अक्षरांना दहा मिनिटं लागली. आणि मग माणूस हट्टाला पेटला. लिहिलंय ना, मग आता खरंच नाही! शनिवारी मेव्हणा बाटल्या घेऊन आला तर यांनी चहाचा कप पुढे केला.

"भावजी, अर्ज काय तुमच्या गॅलरीत येऊन बघणार आहे?"

"मी सही केलीय त्याखाली."

मेव्हणा दोन शनिवार चहावर आला. तिसऱ्या शनिवारी त्याला काम निघालं, चौथ्यालाही निघालं. पुढे पायरीसर गॅलरीत एकटेच बसू लागले, समोर रिकामी खुर्ची.

नोकरी मात्र लागली. मुलगी हव्या त्या कॉलेजात गेली, बायकोच्या चेहऱ्यावर रंग आला. वर्ष सरलं, निकाल चांगला लागला, आणि संस्थेच्या चिटणीसांनी सगळ्या शिक्षकांना घरी जेवायला बोलावलं. पायरीसर गेले आणि दारातच थबकले. टेबलावर बाटल्यांची रांग. मुख्याध्यापक बर्फ वाटताहेत, भूगोलाचे सर दुसऱ्या ग्लासावर, खुद्द चिटणीस ओतताहेत!

"या, या, सर! काय देऊ?"

"मी घेत नाही," पायरीसर म्हणाले. "अर्जात लिहिलंय ना."

मग असा हशा उसळला की भूगोलाच्या सरांना ठसका लागला. "अहो, अर्जात आम्हीही घेत नाही!" मुख्याध्यापक डोळे पुसत म्हणाले.

पायरीसरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते चार महिने, ते खारे शेंगदाणे, ती गॅलरीतली खुर्ची, सगळं एकदम आठवलं. या लोकांना उभं-आडवं झापावं असं वाटलं. पण झापणार काय? आपणही तेच लिहून आत आलो! लिंबू सरबताचा ग्लास हातात धरून ते कोपऱ्यात बसले आणि सगळ्यांआधी निघाले.

पुढच्या आठवड्यात चिटणीसांनी बोलावून घेतलं. "सर, तुमच्याइतका स्वच्छ माणूस आपल्याकडे नाही. विज्ञानाची जागा निघालीय, अर्जांची छाननी तुम्हीच करा. चौदाला 'होय' दिसलं की बाजूला. माझ्याकडे पाठवूच नका."

'साहेब, मीच खोटं लिहिलं होतं.' वाक्य अगदी ओठांवर आलं. पण मुलीची अजून दोन वर्षं बाकी होती. पायरीसर गठ्ठा काखेत मारून शिक्षकांच्या खोलीत आले.

एकतीस अर्ज होते. तीस जण आयुष्यात थेंबालाही न शिवलेले. एकतिसावा अर्ज उघडला आणि ते थांबले. 'होय. वर्षातून तीन-चार वेळा, वाइन, एक ग्लास, मैत्रिणीच्या घरी. सोबत जेवण.'

'सोबत जेवण' वाचून त्यांना हसूच फुटलं. असं पद्धतशीर बावळट दुसरं कोण? त्यांनी नाव पाहिलं, शाळा पाहिली. त्यांचीच जुनी शाळा. पहिल्या बाकावरची ती पोरगी, अर्ध्या गुणासाठी महिनाभर अबोला धरणारी, आणि नंतर शाळा सोडेपर्यंत एकही पायरी न गाळणारी! त्यांनी दार लोटलं, अर्जावरचा नंबर फिरवला आणि आपण कुठून बोलतोय ते सांगितलं.

"पायरीसर? सर, तुम्ही! तुम्ही त्या शाळेत आहात?" ती एवढी आनंदली की पायरीसरांना तिला मध्येच तोडावं लागलं.

"ऐक. आजच ये, तुझा अर्ज परत ने आणि दुसरा भर."

"का, सर? काय चुकलं?"

"चुकलं काही नाही. चौदाव्या रकान्यात 'नाही' लिही."

"पण मी घेते ना, सर. कधीतरी."

"माहितीये गं मला. सगळे तसंच लिहितात. लिही आणि मोकळी हो."

"म्हणजे पायरी गाळू, सर?"

"गाळ. कुणी गुण कापणार नाही."

"तुम्ही कापला असतात." मग ती हळूच म्हणाली, "राहू दे, सर. आहे तसाच असू दे माझा अर्ज."

फोन ठेवला तेव्हा शिपाई दारात उभा होता, अर्ज चिटणीसांकडे न्यायला. त्याने तिसांचा गठ्ठा उचलला. मग त्याचं लक्ष टेबलावरच्या एकट्या अर्जाकडे गेलं.

"हाही न्यायचा का, सर?"

पायरीसरांनी मुलीच्या कॉलेजचा विचार केला, बायकोचा केला, त्या फाटकावरच्या उन्हाचा केला.

"नाही," ते म्हणाले. या वेळी शब्द अगदी सहज निघाला, आणि त्याचाच त्यांना सगळ्यांत जास्त राग आला.