सिंधूची पाळत

बडनेऱ्याच्या सिंधूच्या नजरेतून एक माणूस कधीच सुटत नव्हतं, ते म्हणजे तिची धाकटी जाऊ जुईली. खोटं कशाला सांगायचं, सिंधू तिच्यावर जळत होती. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी सिंधूची कूस उजवली नव्हती. आणि ही कालची आलेली पोर दिवाळीनंतर रोज सकाळी ओकू लागली, तसं सासूला, पार्बताबाईंना, आभाळ ठेंगणं झालं. मोर्शीहून संत्री काय आली, जुईलीला बसल्या जागी चहा काय! दवाखान्याचं नाव काढलं की म्हातारी म्हणे, तिसरा महिना लागल्यावर पाहू. सगळं घर जुईलीभोवती आणि भांडी तेवढी सिंधूपुढे.

त्या जळफळाटात सिंधूनं तिच्यावर पाळतच ठेवली. पोरगी उठायची तीच डोकं धरून. मळमळ नाही, काही नाही, एकदम भडाभडा ओकायची, मग डोकेदुखी जरा उतरायची. वाकली की डोळ्यांपुढे अंधारी. परवा तर समोरचा पेला सोडून भलतीकडेच हात घातला. आणि वीस दिवसांपूर्वी तिला पाळी आली होती. कचऱ्यातली कागदात गुंडाळलेली पुडी सिंधूनं बरोबर ओळखली. सासूचा आनंद पाहून जुईलीची सांगायची छाती झाली नसावी. सिंधू मात्र मुद्दाम गप्प राहिली. होऊ दे फजिती, मग पाहू कोण लाड करतं!

गुरुवारी जुईली न्हाणीत कोसळली. हाका मारल्या तरी नुसती कण्हायची. अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. कवटीच्या आत दाब वाढलाय, म्हणाले, डोक्याचा सीटी स्कॅन आत्ताच करावा लागेल. पार्बताबाई आडव्याच आल्या. सून पोटुशी आहे, ते मशीन लावू देणार नाही. डॉक्टर समजावून थकले. जुईलीचा नवरा सागर आईच्या तोंडाकडे पाहत राहिला.

सिंधूपुढे पेच पडला. बोलावं तर आपलं पाप उघडं पडणार, न बोलावं तर पोरगी हातची जाणार.

"पोटुशी नाही ते," ती म्हणाली. "वीस दिवसांआधी पाळी आली तिले. मले माईत होतं."

"मंग तू बोलली काहून नाही?" सासूनं विचारलं.

"तिची फजिती पाहाची होती मले."

सागरनं लगेच स्कॅनच्या कागदावर सही केली. स्कॅनमध्ये दिसलं, मेंदूत पाणी तुंबलं होतं. पलंगाची उशाकडची बाजू उचलून तिची मान सरळ ठेवली, दाब उतरवायचं सलाईन लावलं आणि संध्याकाळी ऑपरेशन करून त्या पाण्याला वाट करून दिली. केव्हापासून, कसं कसं, हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा घरात फक्त सिंधूलाच सांगता आलं.

तिसऱ्या दिवशी जुईलीनं तिला जवळ बोलावलं. सिंधूला रडू आवरेना.

"जुईली, लय जळत होती मी तुह्यावर."

"माईत हाय, ताई," जुईली हळूच म्हणाली. "बाकीचे सारे माह्या पोटाकडं पाहत होते. माह्याकडं तुमीच पाहत होत्या."