कूलरच्या खिडकीतल्या मंदाबाई

चंद्रपुरात कूलर नेहमी खिडकीपेक्षा लहान निघतो. खिडकी मोजून आणला तरी लहानच निघतो. आमचा मी स्वतः मोजून आणला होता, आणि मी शाळेत गणित शिकवते. उरलेली फट ज्याने त्याने घरात सापडेल त्या वस्तूने बुजवायची असते. आमच्या गल्लीत कोणाच्या खिडकीत टीव्हीचं खोकं आहे, कोणाच्या खिडकीत निवडणुकीचा फ्लेक्स, आणि एकाकडे तर जुन्या दिवाणाची फळी. कोणी कोणाला हसत नाही. फट बुजली की झालं.

यंदा आमची फट माझ्या नवऱ्याने बुजवली. पुढचं सगळं त्यातून झालं, पण दोष माझा आहे. "हात लावू नका, मी करते," हे वाक्य मी घरातल्या प्रत्येक कामाला म्हणते. नेमकं याच कामाला म्हणाले नाही.

यंदा कूलर आमच्याकडे चैन म्हणून नव्हता, औषध म्हणून होता. माझे सासरे, म्हणजे बाबा, सावली गावाहून आले होते. मागच्या उन्हाळ्यात शेतावर त्यांना ऊन लागलं आणि चार दिवस सलाईनवर काढावे लागले. डॉक्टरांनी यंदा आधीच बजावलं होतं, "दुपारी थंडाव्यात ठेवा. दुसरा इलाज नाही." म्हणून बाबांची खाट कूलरच्या पुढ्यात. तिथे ते दिवसभर कानाला दुपट्टा बांधून बसायचे. कूलरच्या आवाजात काहीही ऐकू येत नाही, त्यामुळे जो कोणी जे काही बोलेल त्याला ते मान हलवायचे. (लग्न झाल्यापासून माझ्या बोलण्याला या घरात इतकी संमती कधी मिळाली नव्हती.)

हे औषध दिवसाला दहा-बारा बादल्या पाणी पितं. आमचा नळ दिवसाआड येतो, आणि तोही पाहुण्यासारखा, टेकला न टेकला की निघाला. बाकी सगळी भिस्त शेजारच्या मंदाबाईंच्या बोअरवर. रोज सकाळी सहाला त्या भिंतीवरून पाईपाचं टोक फेकायच्या. "घे व वंदना, भरून घे." मी ड्रम भरून घ्यायची. या व्यवहारात ना विनंती होती ना आभार. पाईप यायचा, बस.

मंदाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. पस्तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या आणि निवृत्तीसोबत झोप गेली. "पंधरा वर्षं झाले बापा, डोळ्याले डोळा लागत नाई," हे त्या दर माणसाला सांगतात. गल्लीत त्यांच्या न झोपण्याला मान आहे. कोणाकडे चोरी होत नाही, याचं श्रेयही लोक त्यांनाच देतात.

मीदेखील दुपारी झोपत नाही. मला ते जमतच नाही, आणि जे झोपतात त्यांच्याबद्दलचं माझं मत आमच्या स्टाफरूमला पाठ आहे.

आता चित्रांचं सांगते. हिवाळ्यात सुट्टी मिळाली की मी चित्रांची वही घेऊन एसटीने फिरते. सोबत मंदाबाई. मी काढते, त्या राखण करतात. मार्कंड्याला नदीकाठी बसून मी देवळाचं शिखर काढत होते, तर दहा मिनिटांत माणसं जमली. पेन्सिल डोळ्यासमोर धरून मी माप घेत होते, ते पाहून एकाने विचारलं, "मोजणी करून राह्यल्या का मॅडम?"

"हो," मंदाबाई म्हणाल्या. "बोलू नका गा. चुकते त्यायचं."

एक म्हातारे शेतकरी घरी जाऊन सातबारा घेऊन आले. आपला बांध दोन हात पलीकडे आहे, एवढं लिहून घ्या म्हणाले. मी चित्रात बांध दोन हात पलीकडे सरकवला. ते समाधानाने गेले. देवळाला काही फरक पडला नाही.

त्याच सहलीत पुढे आम्ही सिरोंच्याला गेलो. आलापल्लीपासून पुढचा रस्ता असा आहे की बसचे नटबोल्टसुद्धा तिथे जागे असतात. त्या रस्त्यावर मंदाबाई झोपल्या. पिशवी पोटाशी, मान मागे, तोंड सताड उघडं. समोरच्या सीटवर वही टेकवून मी त्यांना काढलं. बस इतकी हलत होती की रेषा आपोआपच जिवंत आल्या. प्रत्येक चित्राखाली एक ओळ लिहायची माझी सवय आहे. इथे लिहिलं, 'आलापल्लीला उघडलं. सिरोंच्याला मिटलं.' त्यांना दाखवलं मात्र नाही. पंधरा वर्षांची कीर्ती होती, आपण कशाला हात लावायचा?

मे महिन्यात बाहेर जाऊन चित्र काढणं म्हणजे स्वतःचे पापड करणं. घरात रंगवायला बसावं तर ब्रश पाण्यातून कागदापर्यंत येईतो वाळतो. हिवाळ्यातली चित्रंही उन्हाच्या झळांनी गुंडाळी व्हायला लागली होती. म्हणून मी ती जाड पुठ्ठ्यावर चिकटवली आणि कपाटामागे उभी करून ठेवली. सारख्या आकाराचे, सरळ कडांचे, मजबूत पुठ्ठे.

नवऱ्याला फट बुजवायला आणखी काय हवं होतं?

शनिवारी मी पन्ह्यासाठी आंबे उकडत स्वयंपाकघरात होते, तेवढ्यात त्यांनी काम संपवून टाकलं. मी आतून पाहिलं तर कूलरच्या दोन्ही बाजूंना कोरे, स्वच्छ पुठ्ठे, चिकटपट्टी सरळ रेषेत. मी चक्क कौतुक केलं. बाहेरून पाहायचा प्रश्नच नव्हता. आमचं गल्लीकडचं दार एप्रिलमध्ये बंद होतं ते पावसाळ्यात उघडतं. तोवर येणंजाणं मागच्या दाराने.

सोमवारी पाईप आला नाही.

मी सव्वासहापर्यंत भिंतीशी उभी राहिले. मग सातपर्यंत. मंगळवारीही नाही. हाक मारावी, तर रोज न मागता मिळणारी गोष्ट मागायची कशी, हे मला ठाऊक नव्हतं. ड्रम तळाला गेला. आम्ही नळाचं पाणी कूलरला दिलं, आंघोळी अर्ध्या बादलीवर आणल्या आणि भांडी राखेने घासली. नवऱ्याने मोटरसायकलवर दोन कॅन बांधून कुठून कुठून पाणी आणलं. बाबा मान हलवत होते.

बुधवारी सकाळी दूधवाला मागच्या दाराशी आला आणि दूध मोजता मोजता म्हणाला, "मॅडम, फोटो मस्त हाय."

"कोणता फोटो?"

"खिडकीतला. सारे लोक थांबून थांबून पाहून राह्यले."

मी डोक्याला ओढणी गुंडाळून घराला वळसा घातला. खिडकीत डावीकडे मार्कंड्याचं देऊळ होतं, उलटं. उजवीकडे, सुलट आणि गल्लीकडे तोंड करून, मंदाबाई झोपल्या होत्या. उघड्या तोंडात अख्खा सूर्योदय शिरत होता. खाली माझ्या वळणदार अक्षरात ती ओळ.

शनिवारी चित्र लागलं, सोमवारी पाणी बंद. गणित सोपं होतं.

"अहो, चित्रं बाहेर तोंड करून काऊन लावली?" मी नवऱ्याला विचारलं.

"चित्र आत केलं असतं तं कूलरच्या पाण्यानं भिजलं असतं न. तुह्या चित्राचीच काळजी केली मी."

"मग बाहेर लोक पाहतात त्याचं काय?"

"चित्र लोकायनं पाहासाठीच असते न व?"

मी मंदाबाईंचं चित्र उपटून काढलं. लगेच त्या फटीतून भट्टीची झळ आत आली आणि बाबांनी आठवड्यातलं पहिलं वाक्य उच्चारलं, "गरम येऊन राह्यलं." म्हणून तेच चित्र उलटं फिरवून, झोपलेल्या मंदाबाई आत आणि कोरी बाजू बाहेर, असं पुन्हा लावलं. बाबांना निदान पाहायला काहीतरी झालं.

दुपारी दोनला कूलरमधलं पाणी संपलं. त्यातल्या गवताच्या ताट्या वाळल्या, आणि आत येणारी हवा बाहेरच्याहून गरम व्हायला लागली. बाबांचे ओठ सुकलेले दिसत होते. मी कूलर बंद केला, ओला पंचा त्यांच्या डोक्यावर ठेवला, पन्ह्याचा तांब्या उचलला आणि शेजारी माफी मागायला निघाले. आयुष्यात मी माफी फारशी मागितलेली नाही. त्यामुळे वाटेत, म्हणजे वीस पावलांत, भाषण तयार केलं.

मंदाबाई फरशीवर ओलं लुगडं अंथरून बसल्या होत्या. हातात पुठ्ठ्याचा तुकडा होता, त्याने वारा घेत होत्या. त्यांचा कूलर बंद. माझं तिकडे लक्षच गेलं नाही.

"मंदाबाई, माझं चुकलं," मी उभ्याउभ्याच सुरू केलं. "ते चित्र मी काढायला नको होतं. काढलं तर काढलं, खाली तसं लिहायला नको होतं. तुमचं तोंड उघडं होतं हे खरं, पण ते सगळ्या गल्लीने पाहावं असं माझ्या मनात नव्हतं. चार दिवस खिडकीत होतं याचं मला वाईट वाटतं. तुमचा राग रास्त आहे. पण बाबांसाठी तरी पाणी सोडा."

मंदाबाईंचा वारा घेणारा हात थांबला.

"कोणतं चित्र?"

आतापर्यंत मी हजारो मुलांना सांगितलं आहे की उत्तर लिहिण्याआधी प्रश्न वाचा.

"मी आठ दिवस झाले फाटकाबाहेर पाय नाई टाकला," त्या म्हणाल्या. "मोटर जळली व माही. सोमवारीच तुह्या सासऱ्याले सांगतलं माह्या बाजूच्या खिडकीतून ओरडून. मान हलवली त्यायनं. कारागीर शुक्रवारी येतो म्हणे. मीच कोरडी बसली आहो इथी." मग आवाज बदलून, "कोणतं चित्र व? कोणाचं टोंड उघडं?"

"जाऊ द्या. पन्हं घ्या."

"पन्हं राहू दे. चाल, दाखव."

दुपारच्या त्या उन्हात डोक्यावर ओला टॉवेल घालून मंदाबाई वीस पावलं चालल्या. मी मागून, तांब्या घेऊन. आत आल्यावर त्या म्हणाल्या, "जयभीम, भाऊ," आणि चित्रासमोर कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

कूलर बंद असल्यामुळे बाबांना चक्क ऐकू आलं. "जयभीम. बसा बाई," ते म्हणाले, आणि चित्राकडे बोट दाखवलं. "सकायपासून पाहून राह्यलो ह्या बाईले. एकदाबी कूस नाई बदलली."

मी भिंतीकडे पाहत राहिले. नवरा बनियनवर शर्ट घालायच्या निमित्ताने आत निघून गेला.

मंदाबाईंनी खालची ओळ वाचली. पुन्हा वाचली. बोटांवर काहीतरी मोजलं.

"आलापल्ली ते सिरोंचा?"

"हो."

"पुरा रस्ता?"

"पुरा रस्ता."

"मधात उठली नाई मी?"

"एकदाही नाही. एक बकरी तुमच्या पायावरून गेली."

मी आता कोणत्याही शब्दाला तयार होते. मंदाबाई हळूच खाटेच्या कडेवर टेकल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर निकाल लागलेल्या पोरीसारखं हसू आलं.

"म्हणजे झोप येते व मले," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षांपासून डॉक्टरले सांगून राह्यली का येत नाई. येते न! हे तं कागदावर हाय."

मग त्यांनी वाळलेल्या ताट्यांना हात लावला, बाबांच्या कपाळाला लावला, आणि नर्सच्या आवाजात फर्मान काढलं. त्यांच्याकडे मोरीत एक ड्रम भरलेला होता, वेळप्रसंगासाठी. "एका ड्रमात दोन कूलर नाई चालत. एक चालते. मी इथीच येतो शुक्रवारपर्यंत. वंदना, बादल्या काढ."

तीन दिवस न मागता कोरडी बसलेली आमची दोन घरं, आणि मध्ये साडेचार फूट उंचीची भिंत. हे गणित मी कोणाला सांगितलेलं नाही.

बादलीने पाणी वाहून आणलं, कूलर पुन्हा गळायला लागला, बाबांच्या अंगाला थंडावा लागला आणि ते मान हलवायच्या कामावर रुजू झाले. मंदाबाईंनी खाटेशेजारी चटई टाकली. "मले काही झोप येत नाई, तुमी झोपा," म्हणाल्या आणि माझ्या पंधरापर्यंतच्या मोजणीत झोपल्या. वर चित्रात एक मंदाबाई, खाली चटईवर एक मंदाबाई, दोन्हींची तोंडं एकाच मापाची. चित्र अगदी बरोबर आलं होतं, याचा पडताळा मिळाला.

शुक्रवारी कारागीर आला आणि मोटर सुरू झाली. शनिवारी सहा वाजता पाईप भिंतीवरून आला. बाबांनी ज्वारीची भाकर मागून घेतली, तेव्हा मी ओला पंचा दांडीवर वाळत टाकला. मंदाबाई स्वतःचं चित्र परगावच्या सुनेला दाखवायला म्हणून घेऊन गेल्या. त्या जागी दुसरा पुठ्ठा लावून देते, असं जाताना म्हणाल्या. पाऊस झाला की आपण भामरागडला जाऊ, असंही ठरवून गेल्या. "बसनंच जाऊ. खिडकीची सीट मले."

सोमवारी दूध मोजता मोजता दूधवाला हसला. या वेळी मी उत्तर लिहिण्याआधी प्रश्न वाचायचं ठरवलं आणि घराला वळसा घालून खिडकीसमोर उभी राहिले.

पुठ्ठ्यावर पेनाने काढलेली एक बाई होती. चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले, हातात पेन्सिल, मान एका बाजूला कललेली. तोंड माझ्याच कंपासपेटीतल्या कंपासने काढलेलं होतं, पूर्ण गोल. खाली लिहिलं होतं, 'बारा वाजता उघडलं. चार वाजले, अजून मिटलं नाई.'

गणिताची शिक्षिका म्हणून सांगते, वर्तुळात चूक नाही. मी ते खिडकीतून काढलेलं नाही. काढलं की बाबांना गरम हवा येते.