बाजूला सरकवलेला गोळा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे शनिवारी दुपारी, रविवारच्या उपासनेत वाटायच्या प्रभुभोजनाच्या पोळ्या. ब्याऐंशी सालची गोष्ट. मी कणीक मळली, बायकोनं लाटली. आमच्या बोरगावच्या ख्रिस्ती मंडळीत घरं अकरा. ती दर घरामागे एक पोळी लाटायची अन् लाटताना त्या घराचं नाव घ्यायची. शिकलेली तीच होती. शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायची, मी अक्षर लावता लावता थकतो. त्या दिवशी म्हणाली, "अहरोन याजक देवापुढं जाताना साऱ्या वंशांची नावं छातीवर घेऊन जाये. तुमी मंडळीचे वडील हाय. नुसती प्रभुभोजनाची ताटली धरू नका, मान्सं धरा."

मंगळवारी तिला ताप चढला. दामू आमच्याच मंडळीतला, त्याच्याकडे बैलगाडी मागायला गेलो. चाक मोडलं म्हणाला. मला ते खोटं वाटलं. खाटेवर घालून सौंसरच्या दवाखान्यात नेली, पण उशीर झाला होता. ती गेली.

पाळक पांढुर्ण्याहून महिन्यातून एकदा येत. त्यांनी निरोप धाडला की पोळ्या आता तुम्हीच करा, ताटलीही नेहमीसारखी तुम्हीच फिरवा. मी हो म्हटलं अन् भेव बसलं. अहरोनाचे दोन पोरं नेमून न दिलेला विस्तव घेऊन देवासमोर गेले अन् जागीच मेले, हे तिनंच वाचलं होतं. माझ्या पोटात दामूवरचा राग तसाच पेटलेला. हा विस्तव घेऊन मी ताटली कशी धरू? जेवण जाईना. दामू रस्त्यात दिसला की मी वाट बदलायचो. मरायचं भेव नव्हतं. असा मेलो तर वर तिची गाठ पडणार नाही, याचं होतं.

पुढच्या प्रभुभोजनाचा शनिवार आला. एकटाच बसलो. दहा नावं घेतली, दहा पोळ्या लाटल्या. अकरावा गोळा बाजूला सरकवला.

संत्र्याच्या बगिच्यातून परतणारी एक अनोळखी म्हातारी दारात पाणी मागायला आली. एकट्या माणसाला एवढ्या पोळ्या कशाला, म्हणाली. मी सांगितलं, एका घराची एक. पोळ्यांकडे पाहून हसली. असे वाकडेतिकडे नकाशे तिनं कधी पाहिले नव्हते म्हणे. मग गोळ्याकडे बोट केलं.

"हा वाळून राह्यला, बाबा. त्या घरात कोणी जेवत नाही काय?"

पाणी पिऊन ती वाटेला लागली. पुन्हा कधी दिसली नाही. तिला कोणी धाडलं, यावर मी वाद घालत नाही.

अहरोनाच्या छातीवर बारा खडे जडवलेले होते, दर वंशाच्या नावाचा एक. नावडता एखादा काढून ठेवायची त्याला मुभा नव्हती. मी मात्र एक काढून बसलो होतो, अन् स्वतःला मंडळीचा वडील म्हणवत होतो. गोळ्याला पाण्याचा हात लावला, दामूचं नाव घेतलं. पोळी लाटली. राग सारा गेला नाही, खोटं कशाला सांगू. पण देवा, तुझे उपकार, की तो राग मी तुझ्यापुढं टाकू शकलो. माझ्या जोरावर ते नाव तोंडातून निघालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी याजकांसारखे हातपाय धुतले, पोळ्या फडक्यात बांधल्या अन् आधी दामूच्या अंगणात गेलो. गाडी उभी होती. चाकाकडे मी पाहिलं नाही. दामूला म्हटलं, "चाल, संगं जाऊ."