असेंब्लीत वाचलेलं नाव

आमच्या कॉन्व्हेंट शाळेतलं कोणी वारलं, की पुढच्या शुक्रवारी असेंब्लीत त्यांचं नाव वाचत आणि मुली मिनिटभर स्तब्ध उभ्या राहत. ही प्रथा सिस्टरांच्या संस्थेची स्थापना करणाऱ्या मदरची. परदेशातल्या त्यांच्या पहिल्या शाळेत स्वयंपाकीण वारली, तेव्हा त्यांनी वर्ग थांबवून तिचं नाव वाचलं होतं, असं आम्ही पहिलीपासून ऐकत आलो. मदरच्या जन्मदिवशी त्याचं नाटक व्हायचं. एका वर्षी स्वयंपाकीण मी होते. मदर व्हायला गोरी मुलगी लागे.

माझी आई त्याच शाळेत सफाईला होती, तीसेक वर्षं. शाळेत राबणाऱ्यांच्या मुलींना शाळेत जागा, हा नियमही मदरचाच. म्हणून मी तिथे शिकले. पुढे सफाईचं काम ठेकेदाराकडे गेलं. आई तेच जिने पुसत राहिली, फक्त अंगावर निळा कोट आला. ठेकेदाराकडच्या बायकांच्या मुलींना मात्र तो नियम लागू राहिला नाही.

आई गेल्यावर आठवड्याभराने मी बिबवेवाडीहून शाळेत गेले आणि प्रिन्सिपल सिस्टरांना भेटले. शुक्रवारी तिचं नाव वाचावं, एवढंच मागायचं होतं.

"फार वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण त्या आपल्या स्टाफवर नव्हत्या ना. यादी ऑफिसकडून येते."

"ती स्वयंपाकीण कुठल्या यादीत होती, सिस्टर?"

त्या चष्मा पुसत राहिल्या. मग त्यांना वाट सापडली. "तुम्ही आमच्या माजी विद्यार्थिनी. कॉलेजात शिकवता. माजी विद्यार्थिनीची आई म्हणून वाचता येईल."

तिथेच उठायला हवं होतं. पण नाव वाचायचंच राहील, या भीतीने मी हो म्हटलं.

शुक्रवारी आधी माझी पदवी वाचली गेली, मग माझं कॉलेज, आणि शेवटी आईचं नाव. तिने काय केलं, ते कोणी सांगितलं नाही. मुली उभ्या राहिल्या. मिनिट बरोबर मोजलं गेलं.

बाहेर जिन्यावर आईबरोबर काम केलेल्या दोघी फरशी पुसत होत्या. तरुण होती ती माझ्याकडे पाहून हसली.

"ताई, वाचलं तर त्यांनी मावशीचं नाव. बरं झालं. आता आमचं पण वाचतील की."

दुसरी वयस्क, लोणी काळभोरची. मान वर न करता म्हणाली, "तुझी पोरगी हाय का हितं शिकलेली? मग? पूस गुमान."

तरुण बाई माझ्याकडे बघत राहिली. ठेकेदाराचा माणूस खालून येताना दिसला, तशी तीही वाकली.

"कडेनं जा ताई," ती म्हणाली. "ओलं आहे."

मी भिंतीला धरून खाली उतरले.