मुखवट्याचा तपास आणि मी पाठवलेला फोटो

ती घटना आठवते म्हणण्यापेक्षा ती विसरता येत नाही, असे लिहिणे जास्त खरे ठरेल. या तपासाबद्दल पोलीस सेवेत असताना माझे कौतुक झाले. सत्कारसमारंभांत मी तो किस्सा रंगवून सांगत असे. त्यातला एक भाग मात्र दर वेळी गाळत आलो. तो आज लिहितो. नावे कुणाचीच देत नाही.

बागलाण तालुक्यात नामपूरच्या पुढे एक गाव माझ्या ठाण्याच्या हद्दीत होते. तिथल्या गावदेवीचा चांदीचा मुखवटा यात्रेनंतर चोरीला गेला. या मुखवट्याची रीत ठरलेली होती. वर्षभर तो देवस्थानच्या कारभाऱ्याच्या देव्हाऱ्यात राहायचा. यात्रा जवळ आली की देवीचा भगत तो आपल्या घरी नेऊन घासूनपुसून लख्ख करायचा आणि कारभाऱ्याकडे परत द्यायचा. मग यात्रेत तो देवळात बसायचा. कित्येक वर्षे एकाच भावकीत असलेले हे कारभारीपण यंदा यात्रेनंतर दुसऱ्या भावकीला द्यायचे, असे गावाने ठरवले होते. मुखवटा सोपवताना पंचांसमोर त्याचे वजन होणार होते. त्याआधीच देवळाचे कुलूप तुटले. फिर्याद जुन्या कारभाऱ्याने दिली, आणि संशयिताची खबरही त्यानेच दिली.

"सायेब, आपल्या शाळेच्या मास्तरच्या टॅबवर देवीचे फोटो हायेत," तो फोनवर म्हणाला. "पुढून, मागून, समदे. माप घेतल्यावानी."

"तुम्ही स्वतः पाहिले?"

"गावानं पाह्यले. तेवढा टॅब जप्त करा आन् त्यातलं समदं पुसून टाका. देवीची इटंबना नको."

इथेच मी कान टवकारायला हवे होते. फिर्यादी पुरावा जपा म्हणतो, पुसा म्हणत नाही. पण मला धरायला माणूस मिळाला होता.

मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. बाहेरगावचे, बौद्ध कुटुंबातले. गावात कुणाचा मोबाइल भरला की तो मास्तरांकडे जायचा. ते त्यातले फोटो टॅबवर उतरवून घेत, प्रत्येक घराचा वेगळा अल्बम करत आणि मोबाइल रिकामा करून देत. लग्ने, बारशी, नवे ट्रॅक्टर, गेलेली माणसे, सारे गाव त्या टॅबवर होते. हे सगळे त्यांनी ठाण्यात आल्या आल्या मला सांगितले. मी ते कानाआड केले.

"देवळात तर तू जात नाहीस. मग देवीचे फोटो कशाला?"

"सर, ते भगतांच्या घरचे आहेत. मुखवटा घासताना त्यांच्या मुलानं काढलेत. अल्बमचं नाव बघा ना. तारखेप्रमाणे लावून दाखवू का?"

"मला शिकवतोस?" असे म्हणून मी हात उचलला.

त्यांच्या जागी गावातल्याच एखाद्या वजनदार घरातला शिक्षक असता, तर मी आधी खुर्ची पुढे केली असती. हे मला तेव्हाही कळत होते.

संशयिताचा चेहरा झाकायचा असतो. ओळख परेडसाठी, आणि माणसाच्या अब्रूसाठीही. पण वरिष्ठांचे फोन येत होते आणि गावात वातावरण तापले होते. वार्ताहर व पोलीस पाटील यांचा एक ग्रुप होता. मी मास्तरांना दोन शिपायांच्या मध्ये उभे केले, समोर टेबलावर टॅब ठेवला, माझ्याच मोबाइलवर फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. 'देवीच्या मुखवट्याची चोरी, संशयित ताब्यात.' मास्तरांनी मान खाली घातली होती. ती मीच वर करायला लावली. त्यांना ताब्यात घेतल्याची नोंद तोवर स्टेशन डायरीतही नव्हती.

त्यानंतर गावातली एक म्हातारी ठाण्यात आली आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी बसून राहिली. मी बाहेर आल्यावर म्हणाली, "मास्तर चोर नई शे, सायेब. मन्हा मालकना फोटो शे त्यामा, तो पुसू नका."

तिच्या गेलेल्या नवऱ्याचा फोटो त्या टॅबवर होता. "आजी, घरी जा," एवढेच मी बोललो.

टॅब सील करण्याआधी त्यातल्या फोटोंचा पंचनामा आमच्या एक महिला हवालदार लिहीत होत्या. त्यांनी मला बोलावले.

"साहेब, हे बघा जरा. टॅब चेहरे ओळखून एकेका माणसाचे फोटो एकत्र लावतो ना, त्यानं देवीलाही माणूसच धरलंय."

"मग?"

"पण दोन माणसं धरलीत."

एका गटात मागच्या यात्रांचे आणि भगताच्या घरचे फोटो होते. दुसऱ्यात फक्त यंदाच्या यात्रेचे. खाली टॅबने विचारले होते, ही एकच व्यक्ती आहे का?

"मी 'हो' दाबणार होते," त्या म्हणाल्या. "मग म्हटलं, मोठं करून बघावं. डावा गाल बघा."

जुन्या मुखवट्याच्या डाव्या गालावर पोचा होता. यंदा भगताने घासताना काढलेल्या फोटोतही तो दिसत होता. यात्रेतल्या मुखवट्याचा गाल मात्र गुळगुळीत. म्हणजे भगताने मुखवटा परत दिल्यावर आणि तो देवळात बसण्याआधी बदलला गेला होता. त्या मधल्या दिवसांत तो कारभाऱ्याच्या घरी होता.

मी कारभाऱ्याला बोलावून दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. "गालावरचा पोचा कुठं गेला, कारभारी?"

त्याने दोन्ही फोटोंवरून बोट फिरवले. मग खालीच बसला. "माजी आई मरताना म्हनली व्हती, देवीला घराबाहेर जाऊ देऊ नको. काय करू सायेब?"

त्याने हलक्या धातूचा नवा मुखवटा करून देवळात बसवला होता. पंचांसमोर वजन होणार म्हणून स्वतःच कुलूप तोडून तो विहिरीत टाकला. खरा मुखवटा त्याच्या कांदाचाळीत कांद्याखाली सापडला. आणि मास्तर? त्यांच्या टॅबवर दोन्ही मुखवट्यांचे फोटो होते. कारभाऱ्याला ते पुसून हवे होते.

मास्तरांना मी सोडले. "जा, तुमच्यावर काही नाही," इतकेच म्हणालो. नंतर ग्रुपवर दुसरा फोटो टाकला. मुखवटा टेबलावर आणि मी मागे. मास्तर निर्दोष आहेत, असे त्यात एक अक्षर नव्हते. ते लिहिले असते, तर त्यांना धरले कुणी हेही लिहावे लागले असते. पहिला फोटो मी ग्रुपवरून काढून टाकला. तोवर तो तालुकाभर फिरला होता. पुढे मास्तरांनी हरसूलच्या बाजूला बदली मागून घेतली. तिथेही फोटो त्यांच्याआधी पोहोचला होता.

निवृत्तीनंतर मी नाशिकला स्थायिक झालो. मध्यंतरी एका सकाळी माझ्या मोबाइलने 'या दिवशीची आठवण' म्हणून तोच फोटो संगीतासह दाखवला. सूनबाईने विचारले, "बाबा, हे कोण?" मी मोबाइल पालथा ठेवला. त्याच आठवड्यात मी हरसूलला गेलो.

मास्तरांनी पाणी दिले. मी माफी मागितली.

"माझ्याकडे कशाला, सर?" ते म्हणाले. "मी चोरी केली नाही, हे मला माहीतच होतं. ज्यांना फोटो पाठवला, त्यांना सांगा."

तो ग्रुप अजून चालू आहे. मी सारी हकिकत माझ्या नावानिशी त्यावर लिहिली. बऱ्याच जणांनी हात जोडल्याची चिन्हे टाकली. मग एका पोलीस पाटलाने लिहिले, "कोणते मास्तर, साहेब? फोटो टाका, म्हणजे लक्षात येईल."

माझ्याकडे त्यांचा तेवढा एकच फोटो होता. मी फोन करून त्यांना एखादा चांगला फोटो मागितला. ते म्हणाले, "नको, सर. माझा चेहरा आता तुमच्या मोबाइलवरून कुठेच जायला नको."

तपास चुकला तर न्यायालय सुधारते. आरोप मागे घेता येतो, जप्त वस्तू परत करता येते. पण माणसाचा चेहरा एकदा चोर म्हणून पाठवला की परत घेण्याचा अधिकार कोणत्याच अधिकाऱ्याकडे उरत नाही, हे मी फार उशिरा शिकलो. या लेखासोबत मास्तरांचा फोटो नाही. माझा छापावा, अशी विनंती मी संपादकांना केली आहे.