थांबलेली उडी

तापलेल्या अ‍ॅडॉप्टरचा वास आला की मला बाभुळगावातलं रेडिओ दुरुस्तीचं ते दुकान आठवतं. दुकानवाले चाचा मागच्या खोलीत आम्हा पोरांना टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळू द्यायचे. त्या वर्षी कपाशीच्या पऱ्हाटीवर अळीच अळी होती आणि सगळं गाव फवारणीत गुंतलं होतं. माझा मित्र शेवटच्या स्टेजवर पोचला होता. पडद्यावरच्या त्याच्या गड्यानं दरीवरून उडी घेतली आणि तेवढ्यात त्याचा काका दारात आला. "घरी चाल लवकर. तुहा बाप फवारता फवारता वावरात पडला." मित्रानं खेळ थांबवला, रिमोट हळूच खाली ठेवला आणि निघून गेला. "कोई हात नहीं लगाएगा," चाचा आम्हाला म्हणाले. लाइन सारखी जायची, म्हणून त्यांनी गेमच्या डब्याला जीपची बॅटरी जोडून ठेवली. गडी दरीवर तसाच लटकून राहिला. बापाची तेरवी झाल्यावर मित्र आला, डोकं भादरलेलं. आम्ही सरकून त्याला जागा दिली. त्यानं बटण दाबलं आणि गडी सरळ दरीत गेला. कोणीच हसलं नाही. "काही नाही," तो म्हणाला, "उडी तवाच चुकली होती." आता माझी मुलगी खेळ मध्येच थांबवून जेवायला उठली, की पडद्यावरच्या माणसाचे पाय जमिनीवर आहेत ना, हे मी आधी पाहून घेतो.