बॅटरीची तार

काल तुमसरच्या गॅरेजात जळालेल्या प्लास्टिकचा वास आला. मिस्त्री मीटर लावून एका मोटारसायकलचं चार्जिंग तपासत होता.

"बॅटरीची तार काढून नाही पाहत काय?" मी विचारलं.

"चार्जिंग ठीक असन अन् चालू गाडीत तार काढली, तं करंट वाढते, भाऊ. प्लगले ठिणगी देणारा डबाच जळते."

वीस वर्षांपूर्वी आंबागडच्या रस्त्यावर मी तेच केलं होतं. बाबांच्या छातीत दुखत होतं आणि मी त्यांना मोटारसायकलवर तुमसरच्या दवाखान्यात नेत होतो. वाटेत हॉर्न वाजेना. चार्जिंगची शंका आली की आमच्याकडे सगळेच बॅटरीची तार काढून पाहत. गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक. मी थांबलो, तार काढली. इंजिनचा आवाज क्षणभर चढला आणि ते बंद पडलं. सीटखालून हाच वास आला.

"काहून थांबवली रे? चालून तं राहिली होती," बाबा म्हणाले.

"बॅटरी गेली, बाबा."

मी किका मारत राहिलो. बाबा पळसाखाली बसले. ट्रॅक्टर आला तेव्हा ते बोलत नव्हते.

घरी मी बॅटरीचंच नाव सांगितलं. आई अजून तिलाच दोष देते. चार्जिंग ठीक होतं. गाडी तुमसरला पोहोचली असती.